गॅरेजची जमीन : आधी ओल, मग लादी

ठाण्याहून कापूरबावडी मागे टाकून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की बाळकुम नाका लागतो. त्यापुढे कशेळीचा पूल, आणि पुलापलीकडे कशेळी-काल्हेरची गोदामे. घर बाळकुमला, माल काल्हेरला आणि पेढी ठाण्यात किंवा मुंबईत, अशी रोजची त्रिस्थळी यात्रा करणारी व्यापारी कुटुंबे या पट्ट्यात आता पुष्कळ झाली आहेत. त्यांतील बहुतेक टॉवरांत राहतात. थोड्यांजवळ बंगला, रो-हाऊस किंवा जुने बैठे घर आहे. या थोड्या घरांना स्वतःचे गॅरेज असते. दिवाणखान्याच्या लादीसाठी चार दुकाने पालथी घातली जातात, देवघराचा संगमरवर पाहायला कोणी राजस्थानपर्यंत जातो. गॅरेजसाठी मात्र ‘उरलेली लादी टाकून द्या’ एवढाच हुकूम मिस्त्रीला मिळतो. घराचे सर्वांत जड वजन, सर्वांत घाण पाणी आणि सर्वांत जास्त तेल ज्या जमिनीवर पडते, तिच्याविषयी घरात सर्वांत कमी विचार होतो.

मुळात गॅरेज कशाला म्हणावे, याबद्दलही गोंधळ आहे. रेरा कायद्याच्या (२०१६) व्याख्येनुसार वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहनाची जागा म्हणजे गॅरेज. टॉवरच्या खांबांमधील, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली जागा या व्याख्येत बसत नाही. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी स्पष्ट केले की, स्टिल्टमधील पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते. तेव्हा ज्यांची गाडी स्टिल्टमध्ये उभी राहते त्यांनी स्वतःच्या पट्ट्यांत स्वखर्चाने रंगीत लादी बसवण्याच्या फंदात पडू नये. तो विषय सोसायटीच्या सभेत न्यावा. पुढील विवेचन ज्यांच्या घराला खरेखुरे गॅरेज आहे त्यांच्यासाठी. सोसायटीच्या कार्यकारिणीवर असणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

समजा, असे एक कुटुंब आहे. दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब गॅरेज, म्हणजे १८० चौरस फूट. त्यात एक मोटार, एक स्कूटर आणि मागच्या भिंतीला लागून दुकानाचा थोडा माल. जमीन जुन्या कोब्याची, ठिकठिकाणी उकललेली. मुलाने एका वाहनांच्या शोरूममध्ये आरशासारखी चकचकीत राखाडी जमीन पाहिली आहे आणि त्याला तसेच इपॉक्सी हवे आहे. वडिलांच्या मनात शहाबादी फरशी आहे, कारण गावाकडच्या वाड्यात ती साठ वर्षे टिकली. मिस्त्री सांगतो, ‘शेठ, पार्किंग टाइल टाका, दोन दिवसांत मोकळे व्हाल.’ तिघांचीही चर्चा वरच्या थरावर चालली आहे. अशा वेळी घरातील सुनेच्या तोंडून जे निघते ते मोलाचे असते : ‘पप्पाजी, पावसाळ्यात खोकी वरून भिजत नाहीत. त्यांचा तळ ओला होतो.’

बाळकुममध्ये या एका वाक्याशी सारा प्रश्न येऊन थांबतो. जुने गावठाण तुलनेने चढावर आहे. परंतु खाडीच्या बाजूची बरीच वस्ती एके काळच्या शेतजमिनीवर, खाजणावर आणि भरावावर उभी आहे. खाली खाडीचा मऊ चिखल, त्यावर मुरूम आणि राडारोड्याचा भराव, आणि पावसाळ्यात जमिनीखालची पाण्याची पातळी हाताच्या अंतरावर. काँक्रीट घट्ट दिसले तरी त्यात सूक्ष्म केशनलिका असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी त्यांतून वर चढते. वर आलेले पाणी उडून जाते आणि सोबत आणलेले क्षार मागे राहतात. भिंतीच्या पायथ्याशी दिसणारी पांढरी भुकटी, जिला लोणा म्हणतात, ती याच व्यवहाराची शिल्लक होय. लोणा लागलेल्या जमिनीवर कितीही भारी थर चढवला तरी खालचा दाब त्याला आज ना उद्या उचलतोच. कर्जासाठी तारण पाहताना इमारतीच्या शोभेआधी जमिनीचा दाखला तपासतात. येथेही तोच क्रम हवा.

ही परीक्षा घरच्या घरी होते. जमीन झाडून कोरडी करावी आणि दीड फूट लांब-रुंद असा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने हवाबंद चिकटवावा. किमान १६ तास तो तसाच राहू द्यावा, रात्र उलटून गेली तर उत्तम. मग तुकडा उचलून पाहावे. आतल्या बाजूस थेंब जमले असतील किंवा खालचा कोबा काळवंडला असेल, तर पाणी खालून येत आहे. एकाच ठिकाणी न पाहता दोन-तीन ठिकाणी पाहावे, त्यांतील एक भिंतीजवळ असावे; आणि शक्य तर ही तपासणी भर उन्हाळ्यात न करता पावसाळा संपता संपता करावी. मे महिन्यात कोरडी ठणठणीत वाटणारी जमीन ऑगस्टमध्ये वेगळाच जबाब देते.

ओल सिद्ध झाली की वरवरची मलमपट्टी करण्यात अर्थ उरत नाही. जुना कोबा फोडावा, खालचा भराव सैल असेल तर तो काढून मुरूम थराथराने टाकून धुमसाने किंवा कॉम्पॅक्टरने दाबावा, त्यावर दगडी सोलिंग करावे, सोलिंगवरील फटी बारीक खडीने व कचने बुजवाव्यात आणि मग २५० मायक्रॉनचे अखंड प्लास्टिक अंथरावे. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एकमेकींवर निदान सहा इंच याव्यात आणि भिंतीला टेकून वर वळवलेल्या असाव्यात. काम करणाऱ्यांच्या पायांखाली ते फाटले तर सारा खटाटोप व्यर्थ. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी घरातील एखाद्या जाणत्याने वाकून ते पाहावे. त्यावर चार इंच जाडीचे, एम-२० प्रतीचे काँक्रीट. १८० चौरस फुटांना चार इंच म्हणजे ६० घनफूट, सुमारे १.७ घनमीटर; त्याला सिमेंटच्या साधारण चौदा गोण्या लागतात. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात आठच गोण्या दिसल्या तर पुढची चर्चा तेथेच थांबवावी. आत लोखंडी जाळी टाकायची असेल तर ती जाडीच्या मध्याच्या वर उचलून धरलेली असावी. पायांखाली तुडवली जाऊन तळाशी बसलेली जाळी तडे रोखण्याच्या कामी येत नाही. अठरा फुटांच्या मध्यावर, म्हणजे नऊ फुटांवर, जाडीच्या चतुर्थांश इतका, इंचभर खोल आडवा काप दुसऱ्या दिवसाच्या आत द्यावा. काँक्रीट सुकताना आकसते आणि कुठेतरी तडकतेच. ते आपण ठरवलेल्या सरळ रेषेत तडकावे, एवढीच त्या कापाची योजना आहे.

जमिनीची उंची हा दुसरा मुद्दा, आणि तोही घाईत सुटतो. ठाणे परिसरातील रस्ते प्रत्येक डांबरीकरणात आणि काँक्रिटीकरणात थोडे थोडे उंच होत गेले आहेत. वीस वर्षांपूर्वी रस्त्यापेक्षा उंच असलेले गॅरेज आज रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली आलेले आढळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातही उल्हास नदी आणि खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. एवढा पाऊस दरवर्षी पडत नाही हे खरे. पण नेहमीच्या जोरदार सरीलाही रस्त्याचे पाणी आत यायला दोन इंचांचा फरक पुरतो. म्हणून काम काढण्यापूर्वी पाण्याच्या नळीने रस्ता, उंबरठा आणि गॅरेज यांची पातळी मोजून कागदावर लिहावी. जमीन उंच करायची तर शटरची उंची आणि मोटारीचे छप्पर यांचाही हिशेब करावा. घराच्या आतील जमिनीपेक्षा गॅरेजची जमीन निदान चार-सहा इंच खाली असलीच पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटते आणि उंबरा नसेल तर थेट घरात येते.

उतार शंभरास एक, म्हणजे अठरा फुटांच्या लांबीत दोन इंचांहून किंचित अधिक. उतार दाराकडे असावा आणि दाराशी आडवी नाली व तिच्यावर काढता येण्याजोगी लोखंडी जाळी असावी. मिस्त्री ‘उतार येईल आपोआप’ म्हणतात. तो आपोआप येत नाही, दोन्ही टोकांना खुणेची ढेपे लावून काढावा लागतो. पाण्याचा निचरा ही या समाजासाठी केवळ सोयीची बाब नाही. बाळकुमसारख्या ठिकाणी ओलसर जमिनीवर आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात शेवाळ धरते. शेवाळ म्हणजे अनंतकाय. एका शरीरात अनंत जीव. त्यावर पाय पडू नये म्हणून श्रावक कडेकडेने चालतो आणि साधू-साध्वी तर तो मार्गच टाळतात. एकदा शेवाळ उगवल्यावर मात्र गृहस्थ पेचात सापडतो. खरवडले तर हिंसा, ॲसिड किंवा ब्लीचिंग ओतले तर त्याहून मोठी हिंसा, आणि तसेच ठेवले तर पहाटे अनवाणी देरासराला निघालेल्या सत्तरीच्या माणसाचा पाय घसरून मांडीचे हाड मोडण्याची भीती. उगवल्यावर सुटेल असा हा प्रश्न नाही. जी जमीन तासाभरात कोरडी होते तिच्यावर शेवाळ धरतच नाही. म्हणून यतना ही मिस्त्री येण्यापूर्वी उतार आखताना करायची गोष्ट आहे. शटरच्या बाहेर वीतभर छज्जा वाढवला आणि मागच्या भिंतीत वर-खाली दोन झरोके ठेवले की वारा फिरतो आणि उरलेले काम तो करतो.

एवढे झाल्यानंतर वरच्या थराची निवड उरते, आणि ती आता पूर्वीइतकी अवघड राहत नाही.

पहिला पर्याय कोणताही थर न देण्याचा. ज्या काँक्रीटवर पाया झाला त्याचाच पृष्ठभाग नीट घोटून, ओला असतानाच झाडूने आडव्या रेघा ओढून खरबरीत ठेवला तर गॅरेजला वेगळी लादी लागतच नाही. यालाच थोड्या फरकाने आयपीएस कोबा म्हणतात. काल्हेरच्या गोदामात जी गुळगुळीत, कणखर जमीन दिसते ती बहुधा ट्रिमिक्स पद्धतीची असते. काँक्रीटमधील जादा पाणी पंपाने ओढून घेऊन वरून यंत्राने घोटतात. ‘गोदामासारखीच घरी करा’ अशी मागणी पुष्कळदा होते; परंतु १८० चौरस फुटांसाठी ती यंत्रसामग्री आणणे कोणाही कंत्राटदाराला परवडत नाही, आणि हाताने घोटलेला चांगला कोबा घरच्या मोटारीला पुरून उरतो. त्याचा दोष एकच : तेलाचा डाग तो पिऊन घेतो. गाडीखाली जुना पत्रा किंवा तबक ठेवले की तोही दोष झाकला जातो. दिसायला साधा, खर्चाला हलका आणि ओल आली तर लपवाछपवी न करणारा हा पर्याय बाळकुमच्या हवेत सर्वांत भरवशाचा आहे. दिखाऊ नसल्याने तो सर्वांत कमी निवडला जातो, हे वेगळे.

शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. एक कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा, दुसरा राजस्थानातील कोट्याचा. पॉलिश न केलेली शहाबादी पायाला धरते, उन्हाळ्यात थंड राहते आणि वजन सोसते. परंतु चुनखडी ॲसिडला विरघळते. मोटारीच्या बॅटरीतील ॲसिडचा थेंब, डाग काढायला मोलकरणीने ओतलेले टॉयलेटचे ॲसिड, यांनी तिच्यावर कायमचे पांढरे खड्डे पडतात. खालून क्षारयुक्त ओल येत असेल तर तिचे पापुद्रेही सुटतात. गावाकडच्या वाड्यात ती साठ वर्षे टिकली ती तेथील कोरड्या मुरमाड जमिनीमुळे; खाडीकाठी तोच दगड तसाच वागेल असे समजू नये. ज्यांच्या घरी जुनी शहाबादी आधीच आहे त्यांनी मात्र ती राडारोड्याच्या टेम्पोत भरून देऊ नये. अखंड निघालेल्या फरश्या घासून, नव्या पायावर पुन्हा बसवता येतात. शास्त्रांत श्रावकाने वर्ज्य करण्याच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचे स्फोटकर्म गणले आहे. दगड वापरणारा काही खाणमालक होत नाही. तरी हाताशी असलेला दगड टाकून नव्यासाठी खाण खोदवण्यात शहाणपण नाही, पैशाचे तर नाहीच.

पार्किंग टाइल म्हणून बाजारात मिळते ती बहुतांशी मोरबीकडून येणारी जाड व्हिट्रिफाइड टाइल, साधारणपणे १२ मिलिमीटर जाडीची, वरून खरबरीत नक्षी असलेली. तिला तेल लागत नाही, ॲसिड बाधत नाही, झाडूने स्वच्छ होते. घसरण्याबाबत विचारताना दुकानदाराला ‘आर-११’ दर्जाची आहे का, असे विचारावे. ‘अँटी-स्किड आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. ४०० मिलिमीटरच्या टाइल १८० चौरस फुटांना १०५ लागतात. कापणी व तुटफूट धरून ११५ घ्याव्यात आणि उरलेल्या पाच-सहा माळ्यावर जपून ठेवाव्यात, कारण तीन वर्षांनी त्याच छटेची टाइल मिळण्याची खात्री कोणीही देणार नाही. टाइलची खरी परीक्षा बसवण्यात आहे. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटचा घोळ तिला घट्ट पकडत नाही. तिला आयएस १५४७७ प्रमाणातील टाइल ॲडेसिव्हच हवे. मिस्त्री चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे मसाल्याचे पाच गोळे ठेवून टाइल दाबतो. दिवाणखान्यात हे खपून जाते. गॅरेजमध्ये गोळ्यांमधली पोकळी जॅकखाली किंवा स्कूटरच्या मधल्या स्टँडखाली आली की टाइल काचेसारखी तडकते. मोटार दीड टन असली तरी तिचे वजन चार रुंद टायरांवर वाटलेले असते. स्टँड आणि जॅक मात्र तळहाताएवढ्या जागेवर सारा भार देतात. म्हणून दातेरी पाट्याने पूर्ण जागेवर ॲडेसिव्ह पसरूनच टाइल बसवायची, आणि सुरुवातीच्या दोन-चार टाइल पुन्हा उचलून पाठ पूर्ण माखली आहे का ते पाहायचे, अशी अट कामाच्या आधी घालावी. दोन टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटरची दर्ज, भिंतीलगत त्याहून थोडी अधिक मोकळीक. काम संपल्यावर प्रत्येक टाइल लाकडी दांडीने ठोकून ऐकावी. जेथे पोकळ वाजेल तेथे खडूने खूण करावी, आणि अंतिम हप्ता त्या खुणा पुसल्या गेल्यावर द्यावा.

पेव्हर ब्लॉक गॅरेजच्या आत फारसे शोभत नाहीत, पण ज्यांचा भराव अजून बसतो आहे त्यांच्यासाठी तेच योग्य. जमीन खचली तर ब्लॉक उचलायचे, खाली ग्रिट भरायची, तेच ब्लॉक पुन्हा मांडायचे. हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे, एम-३५ प्रतीचे ब्लॉक आयएस १५६५८ नुसार पुरतात. त्यांच्या सांध्यांतून मुंग्या वारुळे करतात, ही एक अडचण. म्हणून ते गॅरेजबाहेरच्या उतारापुरते ठेवणे बरे.

राहिले इपॉक्सी, मुलाच्या आवडीचे. ते वाईट नाही. कारखान्यात, औषधांच्या प्रयोगशाळेत, वातानुकूलित शोरूममध्ये ते उत्तम चालते. परंतु त्याला तीन गोष्टी लागतात : खालून ओल नसलेले, निदान २८ दिवस जुने काँक्रीट, पृष्ठभाग यंत्राने घासून उघडा करणे, आणि कुशल हात. प्लास्टिक न अंथरलेल्या बाळकुमच्या जुन्या कोब्यावर इपॉक्सी मारले तर पहिल्याच पावसाळ्यात त्याला फोड येतात. आणखी एक दोष शोरूममध्ये दिसत नाही, कारण तेथील गाड्या चालून आलेल्या नसतात. घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत तासभर तापलेले टायर रोज एकाच जागी टेकले की हलक्या प्रतीचा थर मऊ होतो आणि टायर थंड होऊन आकसताना त्याला घेऊनच उचलला जातो. पुन्हा, गुळगुळीत इपॉक्सीवर पावसाचे पाणी म्हणजे घसरगुंडी. त्यात क्वार्ट्झची बारीक वाळू पेरावी लागते, आणि मग शोरूमचा तो आरसा राहत नाही. मुलाला इपॉक्सी हवेच असेल तर कोबा नीट करून एक पूर्ण वर्ष वापरावा, पावसाळ्यानंतर प्लास्टिकची परीक्षा घ्यावी आणि ती उत्तीर्ण झाली तरच पुढे जावे. त्या वर्षात इच्छा टिकते की नाही, हेही कळते.

खर्चाची तुलना करताना चौरस फुटाचा दर हा अर्धाच आकडा असतो. जुनी जमीन फोडणे, राडारोडा वाहून नेणे, पाया, नाली, जाळी, आणि काम चालू असताना मालाला भाड्याची जागा, हे सर्व दोन्ही पर्यायांत मिळवावे आणि बेरजेला अपेक्षित वर्षांनी भागावे. हिशेब समजण्यापुरते आकडे धरू : एक जमीन १५ हजारांत झाली आणि तीन वर्षांत उखडली, तर वर्षाला ५ हजार पडले, दुसरी ४० हजारांत झाली आणि वीस वर्षे राहिली, तर वर्षाला २ हजार. व्यापारी माणसाला हे सांगण्याची गरज नसावी. दुकानातल्या मालासाठी तो हे गणित रोज करतो, घराच्या कामात मात्र भावनेच्या किंवा घाईच्या हाती देतो. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने केलेले अंदाजपत्रक कोणी पुढे केले तर ते बदलून घ्यावे.

येथे एक मोह हमखास येतो. लादीवाला म्हणतो, ‘बिल हवे असेल तर कर वेगळा, नको असेल तर सरळ भाव.’ किंवा घरचा हिशेबनीसच सुचवतो की, बिल पेढीच्या नावे घेऊन दुकानाच्या खर्चात टाकावे. पक्के बिल नसेल तर टाइल तडकल्यावर किंवा छटा वेगळी निघाल्यावर दाद मागायला कागद उरत नाही, हे झाले व्यवहारापुरते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, आणि खोटी मापे ही दोन्ही एकाच सूत्रात आली आहेत. वजनकाट्यात तोळाभर फरक न करणाऱ्या घराण्यांत कच्च्या बिलाला इतके सहज स्थान मिळावे, याचे आश्चर्य वाटते. गॅरेजमध्ये थोडा माल ठेवणे वेगळे आणि गॅरेजचे गोदाम करणे वेगळे, हाही त्यातलाच मुद्दा. मंजूर नकाशात जागा वाहनाची असेल तर ती वाहनालाच द्यावी. जो थोडा माल राहील तो लाकडी फळ्यांच्या चौरंगावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. मग खोक्यांचा तळ भिजत नाही, आणि मागे झुरळ-पाल लपून पुढे औषध फवारण्याची वेळ येत नाही. याच कारणासाठी जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात सिमेंटचा गोलाकार वाटा काढून घ्यावा आणि पाइपांभोवतीची छिद्रे बुजवावीत. मुंगी आत आल्यावर काय करावे, यापेक्षा ती येऊच नये हे बरे.

तेलाचे डाग पाण्याने धुऊन नालीत सोडू नयेत. लाकडाचा भुसा किंवा चुन्याची पूड टाकून तेल शोषून घ्यावे आणि झाडून वेगळे काढावे. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आली. बाळकुमच्या नाल्यांचे पाणीही शेवटी खाडीतच जाते, आणि तेलाचा थेंब पाण्यावर हातभर पसरतो.

कामाची वेळ हा शेवटचा, पण मोडला जाणारा भाग. अक्षय तृतीयेनंतर विचार सुरू करून मृगाच्या तोंडावर मिस्त्री बोलावणारे दरवर्षी भेटतात. काँक्रीट ओतल्यापासून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस सतत ओलावा हवा, असे आयएस ४५६ सांगते; पूर्ण ताकदीला २८ दिवस. त्यामुळे फाल्गुन-चैत्रात काम काढले तर वैशाखात लादी बसते आणि चातुर्मासापूर्वी घर मोकळे होते. पाणी मुरवण्यासाठी मिस्त्री मातीचे बांध घालून तळे करतात. दहा दिवस साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि ते पाणी फेकताना त्या मरतात. त्याऐवजी गोणपाट अंथरून ते दिवसातून तीन-चार वेळा गाळलेल्या पाण्याने भिजवावे, वरून प्लास्टिक झाकावे; पाणी थोडे लागते आणि काँक्रीटला ओलावा तेवढाच मिळतो. टाइल बसवल्यावर मोटार आठवडाभर बाहेर उभी करावी. शेजाऱ्याला जागेसाठी आधीच विचारून ठेवावे, नाहीतर तिसऱ्या रात्री गाडी आत येतेच.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की तासाभराने खडू घेऊन गॅरेजमध्ये जावे. जेथे पाणी साचलेले दिसेल तेथे कडेने रेघ ओढावी, फोटो काढावा आणि कंत्राटदाराला पाठवावा. त्यासाठी एकूण रकमेचा दहावा भाग पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवल्याचे करारातच लिहिलेले असावे.